टोमॅटोचं तरू (लावणीची लहान रोपं) दोन बोटांवरच अडलंय, काय करू?

प्रश्न : नमस्कार. आम्ही बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतोय, अंगण नाही, परसू नाही. मिरगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात टोमॅटोचं बी टाकलं, चहाच्या कागदी कपात, निव्वळ कोकोपीट भरून. सहाव्या दिवशी मस्त उगवलं आणि त्यानंतर जे थांबलंय ते थांबलंयच. पाच आठवडे झाले, उंची दोन बोटं, खरी पानं दोनच, तीपण खालून जांभळट. उजेड नाही म्हणून एलईडी ट्यूब आणून एक वीत वर बांधली, सकाळी सहा ते रात्री नऊ चालू असते. रोज न चुकता पाणी घालते. त्याच पुडीतलं बी निपाणीला बहिणीला दिलं होतं, तिनं वीतभर रोपं काढून लावलीसुद्धा. खत घालू का ट्यूब अजून खाली घेऊ?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : ताई, आज यातलं काहीच करू नका. आधी एक कप घ्या, रोपाचं खोड दोन बोटांच्या मधी येईल असा तळहात कपावर ठेवा, कप उलटा करा आणि बुडावर टिचकी मारा. मुळं नीट असतील तर कोकोपीटचा गोळा अख्खा हातात येतो आणि त्याच्यावर पांढरी मुळं जाळीसारखी दिसतात. बिघडलेली असतील तर कोकोपीट भसकन गळून पडतं, हातात चार तपकिरी दोरे राहतात, ते चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून येते आणि आत केसासारखा धागा उरतो. वाससुद्धा घेऊन बघा, कुबट आला तर समजायचं मुळं कुजायला लागलीत. तुमच्या कपात असंच दिसेल असं मला वाटतंय आणि का वाटतंय ते सांगते.

उजेड कमी पडला की टोमॅटोचं रोप बुटकं राहत नाही, उलट उजेडाकडं मान काढून काडीसारखं लांब होतं आणि वाकतं. तुमचं बसकं राहिलंय, म्हणजे ट्यूबचं काम ठीक चाललंय, ती आहे तिथंच राहू दे. (रात्रभर मात्र कधी चालू ठेवू नका, टोमॅटोला अंधार लागतो, नाहीतर पानं पिवळी पडतात.) मग अडलंय ते खाली, मुळांत. पान खालून जांभळं होतंय ते बहुतेक करून स्फुरद (फॉस्फरस) मिळत नाही म्हणून, आणि गार, सतत ओल्या मुळांना समोर असलेलं स्फुरदसुद्धा उचलता येत नाही. तुमच्याकडं तर समोरही काही नाही, कारण कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात रोपाला पोसेल असं जवळजवळ काहीच नसतं. बियातली शिदोरी पहिल्या पानांपर्यंत पुरते, पुढं रोप उपाशी. त्यात बाहेर आषाढाची झड, हवा दमट, कप वाळतच नाही आणि आपण रोज वरून पाणी घालतोय.

अजून एक, कोकोपीटची वीट भिजवली आणि तशीच भरली असेल तर त्यात मीठ राहतं. बादलीत भिजवून, पिळून, पाणी फेकून असं तीन वेळा धुवायचं, पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं. बोअरचं पाणी जड असेल तर तेही नको, या दिवसांत बादलीभर पागोळ्यांचं पाणी धरलं तरी काम भागतंय.

माझीपण एका पावसाळ्यात सगळीच्या सगळी रोपं अशीच बसली होती, मी वाढत नाहीत म्हणून पाणी वाढवत गेले आणि निम्मी गेली, तेव्हा पहिल्यांदा कप उलटा करून बघितला. तेव्हापासून पाणी घालायच्या आधी कप उचलते. जड लागला तर खाली ठेवायचा, हलका लागला तरच पाणी.

बहिणीचं का जमलं? निपाणीकडं तंबाखूचं तरू उंच गादीवाफ्यावर टाकायची सवय आहे, शेणखत घातलेला वाफा, पाणी पडलं की निचरून जातं. टोमॅटो त्याच कुळातला, त्यालाही तेच पाहिजे असतं. तुमच्या कपाला भोकं आहेत का? सुईनं पाडलेली असतील तर बुजतात, पेन्सिल जाईल एवढी तीन-चार पाडा.

आता करायचं असं. मुळं अजून पांढरी असलेली चार-पाच रोपं निवडा, बाकीची सोडून द्या, जीव लावून काही होणार नाही. धुतलेलं कोकोपीट दोन वाट्या आणि गांडूळखत एक वाटी असं मिसळून थोड्या मोठ्या कपात लावा, रोप पानाला धरून उचला, खोडाला नको, आणि पहिल्या दोन दलांपर्यंत (बी उगवताना येतात ती पानं) खोल पुरा, टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. चार-पाच दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) द्या, पण अगदी पातळ, छोटा चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम, तो 10 लिटर पाण्याला, आठवड्यातून एकदा. जुनी पानं जांभळी राहिली तरी राहू देत, नवं पान हिरवं आलं की रोप सुटलं. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल तर रोपाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायला सांगा, तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून टोमॅटोला लागतो.

खरं सांगू, आपल्याकडच्या जुलैच्या पावसात रोप बाहेर ठेवलं तरी करपा येतोच. गणपतीच्या सुमारास परत बी टाका, 25-30 दिवसांत तरू तयार होतंय, दसऱ्याला कुंडीत लावा. गॅलरीत त्या हंगामाचा टोमॅटो सगळ्यात चांगला येतो.

प्रश्न : माझी रोपं चांगली उगवली आणि दोन दिवसांत बुडात बारीक होऊन आडवी पडली.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ही मर, बुरशीमुळं येते, आणि तुमच्याकडं पाऊस अजून जास्त. पडलेलं रोप उठत नाही, ते आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका. राहिलेल्यांचं पाणी दोन दिवस तोडा, दिवसा थोडा वेळ पंख्याचा वारा लागू दे. पुढच्या वेळी जुन्या वांग्या-टोमॅटोच्या कुंडीतली माती घेऊ नका, बी विरळ टाका आणि मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा.