वायरमनला विचारा : मशीनला हात लावला की मुंग्या येतात

(यवतमाळ जिल्ह्यात तीस वर्षं घरगुती वायरिंग आणि मोटर रिवायंडिंग करणारे आमचे वायरमन वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळची बहुतेक पत्रं कपडे धुण्याच्या मशीनची आहेत.)

प्रश्न : मागच्या हंगामात कापूस विकला तेव्हा सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतली. न्हाणीला लागून टिनाची छपरी आहे, तिथं ठेवली. पायात चप्पल असली की काही नाही, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून स्पिनरमधले कपडे काढते तेव्हा कोपरापर्यंत मुंग्या येतात. घरचे म्हणतात, "थोडाबहुत करंट त मारतेच, चप्पल घालत जाय." बोर्ड थ्री-पिनचा आहे, म्हणजे अर्थिंग असणारच ना?
— एक भगिनी, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, हे वाचून झालं की आधी मशीनची पिन उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून थांबू नका. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं कितीदा तरी सापडतं. मग बटण बंद असलं तरी मशीनच्या पोटात फेज उभाच. आठ दिवस कपडे हातानं धुवा, मला शिव्या द्या, चालेल.

चप्पल ही कोरडी आहे तोवरच कामाची. तुम्हाला मुंग्या येतात तो एखाद-दोन मिलिअँपिअरचा खेळ आहे. दहाच्या आसपास गेला की मूठ आवळते आणि धरलेलं सोडता येत नाही. तीस-चाळीसच्या पुढे काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. मुंग्या आणि मूठ आवळणं यांच्यात फरक असतो तो फक्त ओल्या पदराचा नाहीतर भिजलेल्या चपलेचा.

आता थ्री-पिन. बोर्डाला तीन भोकं दिसली म्हणजे मागून तीन वायरी आल्या, असं नसतं. मागच्या पावसाळ्यात दारव्ह्याकडे अशाच तक्रारीवर गेलो होतो. बोर्डाचे दोन स्क्रू काढले. लाल वायर फेजवर, काळी न्यूट्रलवर, आणि वरच्या मोठ्या भोकामागचा पितळी स्क्रू दुकानातून आल्यासारखा पिवळाधमक. त्याला जन्मात पेचकस लागला नव्हता. मग मशीन आडवी केली. खालून उंदीर शिरलेला. मोटरकडे जाणारी वायर बोटाच्या एका पेराएवढी सोललेली, तांबं दातांनी घासून लखलखीत, आणि ते मोटरच्या पत्र्याला टेकलेलं. भोवती साबणाचा पांढरा थर. घरमालक म्हणाला, "पण मशीन त प्लास्टिकची हाय जी!" हाय ना. पण साबणाचं पाणी प्लास्टिकचं नाही.

तुमच्या मशीनमध्ये उंदीरच असेल असं नाही. टायमरमध्ये पाणी गेलेलं असेल, मोटरचं इन्सुलेशन ओल धरून बसलं असेल. त्यासाठी वायरमनकडून 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून घ्या. मोटरची वायर आणि पत्रा यांच्यात एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर मशीन चालवू नका. टेस्टरवर विसंबू नका. त्यातला निऑन इतक्या कमी करंटला पेटतो की त्याला मुंग्या आणि मरण यातला फरक कळत नाही.

एक गोष्ट वायरमन लोकही विसरतात. नवी, चांगली मशीनसुद्धा थोडा करंट गाळते. आपल्याकडे घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचं मानक आहे आयएस 302, त्यात कपडे धुण्याच्या मशीनसाठी भाग 2, विभाग 7. अर्थिंगवर विसंबलेल्या, एका जागी ठेवायच्या मोटरच्या मशीनला 3.5 मिलिअँपिअरपर्यंत गळती चालते, आणि पत्र्यापासून अर्थच्या पिनपर्यंतचा रोध 0.1 ओहमच्या आत लागतो. म्हणजे कारखान्यानं धरूनच चाललंय की ही गळती तिसऱ्या वायरीनं जाईल. ती वायर नसेल तर ती तुमच्यातून जाते. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्डासाठी विजेतला खरखराट गाळणारा फिल्टर असतो. अर्थिंग नसेल तर त्याच्यामुळे पत्र्यावर साधारण अर्धं व्होल्टेज, शंभर-सव्वाशे, तरंगत राहतं. तिथं मशीनमध्ये दोष शोधत बसण्यात अर्थ नाही, अर्थिंग द्या, मुंग्या जातील.

पण हे काम झटपट उरकून घेऊ नका. कोणी म्हणेल, "अर्थिंगचा खड्डा कशाले? बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारून देतो." त्याला दारातूनच परत पाठवा. मी हे पाप स्वतः केलंय, तेही वडिलांच्या घरी. टिनाचा कूलर मुंग्या देत होता, मी दोन इंचाचा तुकडा जोडला, मुंग्या गायब, वडील खूश. महिनाभरानं वादळात खांबावरचा न्यूट्रल सुटला. घरातला बल्ब चालू होता. त्या बल्बमधून आलेला फेज परत जायला वाट मिळेना, तो माझ्या तुकड्यावरून कूलरच्या पत्र्यावर आला. वडिलांचा हात चिकटला नाही, फेकला गेला, म्हणून वाचले. उजव्या तळव्यावरचा डाग शेवटपर्यंत होता. जेवायला बसले की मला दिसायचा.

प्रश्न : घरी ईएलसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. बाकी सगळं ठीक चालतं, पण वॉशिंग मशीन लावली की पडतो. वायरमननं तो बायपास करून दिला, म्हणाला मशीन चांगली आहे, ईएलसीबीच नाजूक आहे. अर्थिंग आणि एमसीबी (जास्त करंट ओढला की पडणारा स्विच) दोन्ही आहेत, मग याची गरज काय?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दादा, तो नाजूक आहे म्हणूनच विकत आणलाय. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की त्यानं 0.3 सेकंदाच्या आत तोडायचं असतं. फरक पडला म्हणजे कुठून तरी करंट जमिनीत जातोय, आणि तो पत्र्यातून जातोय की माणसातून, हे विचारत तो बसत नाही. डबीवर बघा. 30 एमए किंवा 0.03 ए असं लिहिलेलं हवं. 100 किंवा 300 वाला कोणी स्वस्तात दिला असेल तर तो आगीपासून वाचवायला ठीक, माणसासाठी नाही.

आता अर्थिंग आणि एमसीबीचा हिशोब कागदावर मांडू या, कारण हा गैरसमज शिकलेल्यांतही आहे. तुमच्या खड्ड्याचा रोध 20 ओहम, डीपीजवळच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, अर्थिंगचा 5 ओहम धरा. गावाकडे 20 म्हणजे बरं अर्थिंग. मशीनमध्ये फेज पत्र्याला चिकटला. करंट पत्र्यातून तुमच्या खड्ड्यात, जमिनीतून डीपीकडे. 230 भागिले 25, म्हणजे 9.2 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही, त्याला वाटतं कोणी प्रेस लावली असेल. आणि पत्र्यावर किती उरलं? 9.2 गुणिले 20, म्हणजे 184 व्होल्ट! अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि मशीनवर 184 व्होल्ट उभे आहेत. मीटर तेवढं पळत राहतं. डीपीचा न्यूट्रल आणि घरचा खड्डा यांच्यात फक्त माती असते तिथं एमसीबीच्या भरवशावर राहताच येत नाही. ईएलसीबीला मात्र 9.2 अँपिअर म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या तीनशे पट.

तर तो पडतो कशानं, ते शोधा. मशीनची पिन काढा. मग टिकतो का? टिकला, आणि त्याच सॉकेटवर प्रेस लावली तरी टिकला, तर दोष मशीनमध्ये आहे, मेगर लावा. मशीन दुसऱ्या ईएलसीबी असलेल्या घरी व्यवस्थित चालते पण तुमच्याकडे कोणतंही मोठं उपकरण लावलं की पडतो, असं असेल तर तुमच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कुठं तरी अर्थला टेकलाय, नाहीतर ईएलसीबीच्या आधीच्या आणि नंतरच्या न्यूट्रलची गाठ पडली आहे. इन्व्हर्टर बसवताना ही गाठ हमखास पडते. बायपास आजच काढा. आणि महिन्यातून एकदा 'टी' लिहिलेलं बटण दाबा. सटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो भिंतीवरचा शो-पीस आहे, बदला.

प्रश्न : अर्थिंगचा खड्डा चार वर्षांपूर्वी कोळसा-मीठ टाकून केला. आता फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघितला तर मिणमिणतो. मीठ अजून टाकू का?
— ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : तुम्ही खारपाणपट्ट्यातले, मीठ तुमच्या मातीत आधीच पोतंभर आहे. अजून टाकाल तर पाइप लवकर गंजेल. दोन गोष्टी बघा. पहिली, पाइपावरचा क्लँप आणि नटबोल्ट. उघडून बघा, बहुतेक तिथंच तपकिरी भुगा निघेल. घासून नवीन बोल्ट लावा, वरून ग्रीस चोपडा. दुसरी, आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि पाइप हवेत उभा राहतो. मार्चपासून मेअखेरपर्यंत दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. मशीनचं धुण्याचं पाणी वळवलं तरी चालतं, आमच्या घरी तसंच आहे. पाइप अडीच मीटरचा आहे ना? अर्धा कापून दोन घरांत गाडलेले पाइप मी उपसलेत, म्हणून विचारतो.

प्रश्न : कपडे वाळत घालायची तार घराच्या लोखंडी अँगलला बांधली आहे. खांबावरून येणारी सर्व्हिस वायरही त्याच अँगलवर येते. पावसात काही होईल का?
— ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : हो. तार आज सोडा. संध्याकाळपर्यंत थांबू नका. सर्व्हिस वायर वाऱ्यानं अँगलच्या कडेवर घासते, वर्ष-दोन वर्षांत आवरण जातं, आणि मग अँगल, टिन, तार सगळं एकच. बाई ओला कपडा दोन्ही हातांनी तारेवर टाकते, पाय चिखलात. मशीन निदान पिन काढून बंद करता येते, तारेला पिन नसते. सोडतानाही तारेला हात लावण्याआधी मेन बंद करा. पण फेज मीटरच्या आधीच अँगलला लागलेला असेल तर मेन बंद करून काही होत नाही, म्हणून थोडीही शंका आली तर सगळ्यांना लांब ठेवून महावितरणला 1912 वर फोन करा आणि लाइनमन येऊ द्या. नंतर नायलॉनची दोरी बांधा, दोन लाकडी बल्ल्यांना, टिनापासून लांब.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज 170 होतं. मशीन नुसती गुणगुणते, फिरत नाही.
— ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : 170 वर मोटरचा जोर जवळपास अर्ध्यावर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. गुणगुणतेय म्हणजे अडकून तापतेय. लगेच बंद करा, नाहीतर ती माझ्याकडे रिवायंडिंगला येईल. गावच्या पाण्याच्या मोटारी बंद असतात त्या वेळी धुवा. सकाळी पूर्ण व्होल्टेजवरही गुणगुणली तर कपॅसिटर गेलाय. तो स्वस्तात येतो, पण पिन काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. पोराला उघडायला सांगू नका.