अभ्यासिकेत रोज पंधरा तास बसूनही काही टिकत नाही. विश्रांती घ्यावी की अजून जोर लावावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहून एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करता, रोज १४-१५ तास अभ्यासिकेत असता, झोप चार-साडेचार तास. गेल्या काही महिन्यांपासून वाचलेलं टिकत नाही, टेस्ट सिरीजमध्ये (सराव पेपरांत) येत असलेली उत्तरंही चुकतायत, गुण घसरतायत, रूम पार्टनरवर विनाकारण चिडता. रविवारी जरा आडवं झालं तरी मागे पडल्याची भीती वाटते. तर विश्रांतीची खरंच गरज असते, की ती आळशी माणसाची पळवाट?

गरज असते. आणि हे सांगणाऱ्याचं पोट तुमच्यासारख्यांच्या खुर्चीत बसण्यावर चालतं, हेही आधीच सांगून टाकतो. मी नारायण पेठेत अभ्यासिका चालवतो. बाहेरच्या बोर्डावर ‘२४ तास सुरू’ असं ठळक लिहिलंय, कारण तसं नसेल तर मुलं शेजारच्या इमारतीत जागा घेतात.

रात्री एकच्या सुमारास एक फेरी मारली की बरंच काही दिसतं. काहींच्या माना टेबलावर. काही जण तेच पान मघापासून उघडून बसलेले. काहींच्या हातात हायलायटर असतो आणि अख्खं पान पिवळं झालेलं असतं. वाचणाऱ्याला महत्त्वाचं काय ते आता कळेनासं झालंय, हे त्यावरून समजतं. सकाळी हीच मुलं नऊ-साडेनऊला डोळे चोळत येतात, दोन चहा होईपर्यंत अकरा वाजतात. दिवसाचे तास मोजायला बसलात तर पंधरा भरतील. त्यातला अभ्यास किती झाला, हे मात्र स्टॉपवॉच सांगत नाही. ग्रुपवर रोज रात्री ‘आजचे १३ तास ४० मिनिटं’ असे स्क्रीनशॉट टाकायची पद्धत आहे ना, तिच्याइतकं नुकसान मोबाईलवरच्या रील्सनीही केलं नसेल असं माझं मत आहे.

आता झोपेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गोम तिथेच आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून घेतल्या. कधी पाठांतरानंतर त्यांना झोपू दिलं, कधी तेवढाच वेळ जागं ठेवलं आणि मग विचारलं. झोपून उठल्यावर त्यांना जास्त आठवत होतं. पुढच्या शंभर वर्षांत यावर बरंच काम झालं. आज आपल्याला माहीत आहे की दिवसा वाचलेलं मेंदूत आधी कच्च्या स्वरूपात राहतं आणि झोपेत ते पक्कं होत जातं. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी सेंट्रिंग काढून वर मजला चढवायला घेत नाहीत, तसंच हे आहे. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. चार तासांत उठणारा माणूस हा पहाटेचा भाग जवळजवळ सगळाच गमावतो.

‘मला सवय झालीय, चार तास पुरतात’ असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी लोकांना सलग दोन आठवडे रात्री चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं आणि रोज त्यांची एकाग्रता तपासली. चार आणि सहा तासवाल्यांची एकाग्रता दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांनी सहा तासवाल्यांचीसुद्धा अवस्था अशी होती की जणू एक-दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला झोप फारशी येत असल्यासारखं वाटत नव्हतं. चाचणीतली घसरण सुरूच होती, ‘मी ठीक आहे’ हे वाटणंही सुरूच होतं. म्हणजे सवय होते ती पेंगुळलेलं असण्याची. टेस्ट सिरीजमध्ये येत असलेली उत्तरं चुकतायत असं तुम्ही लिहिलंय, ते मला यातलंच दिसतं. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरला १२० मिनिटांत १०० प्रश्न. ‘खालीलपैकी कोणते विधान चूक आहे’ यातलं ‘चूक’ नजरेतून निसटलं की हातचे गुण गेले, वर चुकीच्या उत्तराबद्दल पाव प्रश्नाचे गुण वजा. सीसॅटच्या, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरच्या, उताऱ्यांत तर हे सगळ्यात आधी उघडं पडतं. उतारा तीनदा वाचावा लागत असेल तर मराठी कच्चं आहे असं समजू नका, आधी रात्रीची झोप बघा.

दमणं वेगळं आणि पार करपून जाणं वेगळं. दमलेला माणूस दोन दिवस झोपला की ताजा होतो. दुसऱ्या प्रकाराचं, म्हणजे बर्नआउटचं, वर्णन न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली केलं, तेही मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्या लोकांना पाहून. कामचुकारांना हा त्रास होत नाही, झोकून देणाऱ्यांना होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. संघटनेने ही व्याख्या नोकरीपुरती ठेवलीय. पण आमच्याकडे तिसरा-चौथा प्रयत्न देणारी मुलं पाहिली की मला ती जशीच्या तशी लागू पडताना दिसते. ‘सगळं सेटिंग असतं’, ‘पोस्ट मिळून तरी काय होणार’ असं जो सारखा बोलायला लागतो, तो दीड-दोन वर्षांपूर्वी सगळ्यात आधी येऊन सगळ्यात उशिरा जाणारा मुलगा असतो. तुमच्या लिहिण्यात हा कडवटपणा अजून दिसत नाही. चिडचिड दिसते. म्हणजे वेळ आहे.

मग मुलं विश्रांती का घेत नाहीत? कळत नाही म्हणून नव्हे. खाटेचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज हे सगळं गावाकडून येतं. वडिलांनी सोयाबीन विकून पाठवलेल्या पैशांवर आपण दुपारी झोपायचं, हे मनाला पटत नाही. खुर्चीत बसून राहिलं की निदान कष्ट केल्याचं समाधान मिळतं, अभ्यास होवो न होवो. मला हे समजतं, म्हणून ‘टेन्शन घेऊ नका, रिलॅक्स राहा’ असला सल्ला मी कुणाला देत नाही. एवढंच विचारतो की घरून पैसे येतात ते खुर्ची गरम ठेवायला की निकालासाठी?

आणि पळवाटेचं म्हणाल, तर आपल्याकडे रविवारची सुट्टी मागितली ती गिरणी कामगारांनी. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत साच्यावर उभे राहणारे लोक होते ते. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांचे कारखाने रविवारीही चालवून पाहिले. सरकारने १९१५ मध्ये नेमलेल्या समितीने चौकशी केली तेव्हा दिसलं की सात दिवस राबवून सहा दिवसांपेक्षा फारसा जास्त माल निघत नाही. युद्ध पेटलेलं असतानाही त्या समितीने रविवार मोकळा ठेवायला सांगितलं. तुमची पूर्व परीक्षा त्या युद्धापेक्षा तातडीची नसावी.

आता करायचं काय. या आठवड्यात सगळ्यात आधी झोपेची वेळ ठरवा. साडेदहा ते साडेपाच किंवा अकरा ते सहा, तुम्हाला जमेल ते, पण सात तासांच्या खाली नको आणि रोज तीच वेळ. पहिले चार-पाच दिवस उलट जास्त सुस्ती येईल; उधारी फिटत असते, घाबरू नका. अभ्यास तासांत मोजणं बंद करा. दीड-दीड तासाच्या बैठका धरा, मध्ये उठून खरोखर बाहेर जा. दिवसात अशा पाच बैठका चांगल्या झाल्या तर पुष्कळ झालं. सहावी जमली तर ती फक्त उजळणीसाठी ठेवा. बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिनवादकांवरचा १९९३ सालचा अभ्यास ‘तरबेज व्हायला दहा हजार तास लागतात’ या गप्पांत नेहमी ऐकवतात. त्यातले सर्वांत सरस वादक एकट्याने सराव करायचे तो दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास, आणि तुलनेने कच्च्या वादकांपेक्षा झोपायचेही जास्त, दुपारची डुलकी धरून. हा भाग मात्र कुणी ऐकवत नाही.

दुपारी मेसमधून आल्यावर वीस मिनिटं झोपा, गजर लावून. टेबलावर डोकं ठेवून नाही, रूमवर जाऊन आडवं. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होईल आणि रात्रीच्या झोपेचं खोबरं होईल.

मोबाईल चाळणं ही विश्रांती नव्हे. त्यातही निकालांचे व्हिडिओ, कट-ऑफचे अंदाज, टेलिग्रामवरच्या आंदोलनाच्या चर्चा हे सगळं बघून उठलेला माणूस बसताना होता त्याहून दमलेला असतो. पर्वती चढून या, तळजाईवर चक्कर मारा, कुणाशी तरी परीक्षा सोडून दुसरं काही बोला. शास्त्री रोडच्या चहाच्या टपरीवर उभं राहून दीड तास ‘यावेळी जागा किती निघतील’ हे चालतं, ते मी विश्रांतीत धरत नाही. अभ्यासात तर नाहीच नाही.

आठवड्यातला अर्धा दिवस तरी पूर्ण मोकळा ठेवा आणि तो वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. आधीपासून लिहिलेली सुट्टी मनाला खात नाही, अभ्यास फसल्यामुळे आपोआप झालेली सुट्टी खाते.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, तेही सांगायला हवं. सकाळी तीन चहा, दुपारी दोन तास झोप, संध्याकाळी टेकडी, आणि वर ‘माइंड फ्रेश पाहिजे’. त्यांना हे उत्तर दाखवू नका. नोकरी करून संध्याकाळी सात ते अकरा बसणारेही माझ्याकडे आहेत. त्यांना सात तासांची झोप सांगणं सोपं आहे, जमवणं नाही, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दोन-तीन आठवडे नीट वेळ देऊनही झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो थकवा नाही आणि सुट्टीने तो जाणार नाही. सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. रूम पार्टनरला सांगून ठेवायलाही हरकत नाही. तुम्ही त्याच्यावर चिडताय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्याच्या लक्षात आलेलंच असेल.

तुमची टेस्ट सिरीज सुरूच आहे, तर पुढचे तीन पेपर सात तास झोपून द्या. गुणांकडे नंतर बघा. आधी येत असूनही चुकलेले प्रश्न किती, ते मोजा आणि मागच्या तीन पेपरांशी ताडून पाहा. आकडा खाली आला नाही तर इथे येऊन मला खुशाल सुनवा.