आधी विहिरी मोजा, मग नियम ठरवा

प्रश्न : पाणलोट समितीची प्रत्येक बैठक ओढ्याच्या वरच्या अंगाचे विरुद्ध खालच्या अंगाचे अशी होते आणि भांडणात मोडते. सुरुवात कुठून करावी?

मोजणीपासून. जमिनीखालचं पाणी कुणालाच दिसत नाही, म्हणून जो तो अंदाजावर भांडतो. वरच्या अंगाच्या चार आणि खालच्या चार विहिरी निवडा. पोलादी टेपच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला खडू फासून टेप विहिरीत सोडा आणि काठाशी आलेला आकडा वाचा. वर ओढल्यावर खडू जेवढा भिजलेला दिसेल, तेवढी लांबी त्यातून वजा करा. पाणी किती खोल आहे ते कळलं. दर पंधरवड्याला, काठावरची तीच खूण धरून आणि उपसा थांबवून हे करा.

टेप धरायला मात्र एक वरचा आणि एक खालचा माणूस हवाच. दोघांनी मिळून वहीत लिहिलेला आकडा असला की भांडण नियमांवर येतं, एकमेकांच्या हेतूंवर राहत नाही.

प्रश्न : झाडी आम्ही राखायची आणि पाणी शहराने प्यायचं. आम्हाला काय?

रास्त प्रश्न आहे. मोबदला मिळायलाच हवा. न्यूयॉर्कचं सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल-डेलावेअर पाणलोटातून येतं. ते गाळण्याचा प्रकल्प उभारायला अब्जावधी डॉलर लागले असते. त्याऐवजी शहराने १९९७ मध्ये वरच्या गावांशी करार केला. शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतांवर करायची कामं, घरांच्या सेप्टिक टाक्यांची दुरुस्ती यांचा खर्च शहराने उचलला. जमिनीही राजीखुशीने विकणाऱ्यांकडूनच घेतल्या. तुमच्या करारात देखभालीचा खर्च कोण आणि किती वर्षं देणार, हे आवर्जून लिहून घ्या. नेमकं तेच राहून जातं.

प्रश्न : नियम मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी जबर दंड करावा का?

नको. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना पाणी, जंगल, कुरण अशा सामाईक साधनांच्या दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत हेच आढळलं : पहिली शिक्षा हलकी, मग चढती. आणि निवाडा करणारे आपल्यातलेच असावेत. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात कालव्यावरच्या शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडीच मिटवतात.

प्रश्न : चर खोदले, बंधारे झाले, पाणी वाढलं. आता नव्या विंधन विहिरी घ्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. मुरलेलं पाणी तुम्ही उपसून संपवलंत, तर उन्हाळ्यात खालचा ओढा आटतो. पावसाळा संपल्यावर त्याच आठ विहिरींची पातळी बघा आणि त्या वर्षीची पिकं सगळ्यांनी बसून ठरवा.