'इम्प्रेस'मधली सक्ती 'दाबा'तून आलेली नाही

प्रश्न असा आहे: 'इम्प्रेस' या इंग्रजी क्रियापदाचा 'छाप पाडणे' हा अर्थ ओळखीचा आहे, पण कोशात 'सक्तीने भरती करणे' असाही अर्थ दिसतो. या दोन अर्थांचा संबंध काय, आणि दुसरा अर्थ आज वापरता येतो का?

संबंध काहीही नाही. हे आधी ठासून सांगतो, कारण या प्रश्नाला 'प्रेस म्हणजे दाबणे, त्यातून दबाव, दबावातून सक्ती' असं ठरलेलं उत्तर मिळतं आणि विचारणाराही मान डोलावतो. पटण्यासारखं आहे, पण साफ चूक आहे. छाप पाडणारा 'इम्प्रेस' लॅटिनमधल्या दाबण्याच्या क्रियापदापासून आला, त्यात उकलून सांगण्यासारखं काही नाही. सक्तीचा 'इम्प्रेस' वेगळ्याच घरातला. मोठे इंग्रजी कोश या दोघांच्या स्वतंत्र नोंदी करतात. दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली ओळीने मांडणारे कोशकार वाचकाची दिशाभूल करतात.

या दुसऱ्या शब्दाचं मूळ पैशात आहे! जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रेस्त' म्हणजे उसने किंवा आगाऊ दिलेले पैसे. तोच शब्द इंग्रजीत 'प्रेस्ट' झाला: सैनिकाला किंवा खलाशाला भरती करताना हातावर ठेवलेली रक्कम. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, उचल. राजाची उचल घेतली की माणूस चाकरीला बांधला गेला. पुढे रक्कम मागे पडली आणि बांधून घेणं तेवढं शब्दात उरलं. हिशेबनिसांना हा शब्द रोज भेटतो. 'इम्प्रेस्ट' खात्यात ठरावीक रक्कम आगाऊ देतात आणि जेवढी खर्च झाली तेवढी पुन्हा भरतात. किरकोळ खर्चाचं खातं आणि युद्धनौकेवरची सक्तीची भरती ही एकाच शब्दाची भावंडं आहेत, आणि खात्याने तर शेवटचा 'ट'सुद्धा जपून ठेवला आहे.

मग भरतीतला 'ट' गेला कुठे? कोशकार म्हणतात, दाबण्याच्या 'प्रेस'शी गल्लत झाली. एवढ्यावर माझं समाधान होत नाही. गल्लत झाली, पण ती का झाली? माझ्या मते दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, 'प्रेस्ट-मनी' भरभर म्हणून पाहा. पुढे 'म' आला की 'ट' जिभेवर टिकत नाही. 'ख्रिसमस'च्या स्पेलिंगमध्ये 'टी' आहे, उच्चारात नाही, तेही अशाच जागी. दोन, त्या काळी 'प्रेस' या क्रियापदाचं भूतकाळी रूप 'प्रेस्ट' असंही लिहीत. त्यामुळे 'अमुक माणूस प्रेस्ट आहे' हे वाक्य 'उचल दिलेला' असंही वाचता येई आणि 'दाबलेला' असंही. दुसऱ्या वाचनातून मागे जाऊन लोकांनी 'प्रेस' हे मूळ क्रियापद बेतलं. म्हणजे दबावाची कल्पना नंतर चिकटली, तीही स्पेलिंगच्या वाटेने. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये भ्रमिष्ट राजा 'हे घे तुझे प्रेस-मनी' म्हणतो. नाटक 1608 साली छापलं गेलं. पैसे अजून आहेत, 'ट' मात्र गेलेला!

ब्रिटिश आरमाराची 'प्रेस-गँग' म्हणजे बंदरांतून खलाशी धरून नेणारी टोळी. ती दारूच्या पेल्यात गुपचूप शिलिंगचं नाणं टाकायची, म्हणजे पिणाऱ्याने उचल घेतली असं ठरे, आणि ते नाणं आधीच दिसावं म्हणून काचेच्या तळाचे पेले निघाले, ही गोष्ट हौसेने सांगितली जाते. ती मला मुळीच पटत नाही. या टोळ्यांना खलाशी पकडायचा अधिकार कायद्यानेच होता. ज्याला उघड दंडाला धरून नेता येतं, तो पेल्यात नाणी कशाला लपवील?

आणखी एक खटकणारी गोष्ट. या भरतीला मराठीत काही जण 'वेठबिगार' म्हणतात. वेठ हा संस्कृत 'विष्टि'पासून आलेला शब्द आणि बिगार फारसी, दोन्हींत बिनमोबदला राबणं आहे. धरून नेलेल्या खलाशांना पगार होता, नव्हती ती सुटका. अमेरिकी जहाजांवरून असे खलाशी उचलून नेणं हे तर 1812 च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचं एक मोठं कारण ठरलं. तेव्हा 'सक्तीची भरती' म्हणा, वेठबिगार नको.

राहिला वापर. 'इम्प्रेस'चा हा अर्थ आता इतिहासाच्या पुस्तकांपुरता. आज कुणी 'मला आरमाराने इम्प्रेस केलं' लिहिलं, तर वाचणाऱ्याला आरमार आवडलं एवढंच कळेल. जिवंत आहे तो 'प्रेस्ड इंटू सर्व्हिस' हा प्रयोग. ज्याचं ते काम नाही, त्याला अडीअडचणीला कामाला जुंपणं असा त्याचा अर्थ. तो माणसांना लागतो तसा वस्तूंनाही: खुर्चीला शिडी केली, चादरीचा पडदा केला, तरी चालतो.