समोरच्या पक्षाच्या तज्ज्ञाने पैसे घेतले असतील तर त्याची साक्ष बाद होते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा दावा बडोद्याच्या कोर्टात चालू आहे. घर काकांना ठेवायचंय, म्हणून त्यांनी आणलेल्या व्हॅल्युअरने किंमत फारच कमी काढली. त्याने काकांकडून घसघशीत पैसे घेतल्याचं सगळ्या नात्यात माहीत आहे, अहवालात मात्र त्याचं नावनिशाण नाही. तर एवढ्यावर साक्ष उडेल का?

नाही उडणार. पण तेवढ्यावर थांबू नका.

मी वकील नाही. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल केलं, बडोद्यात जन्मभर घरं बांधली, दुसऱ्यांनी बांधलेली तपासली आणि पाच-सहा वेळा कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभा राहिलो. शेवटच्या वेळी जे झालं त्यानंतर ते काम सोडलं. तेव्हा हे उत्तर पिंजऱ्यात उभं राहिलेल्या माणसाचं आहे.

फी घेण्यात गैर काही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १६, नियम २ मध्ये तर स्पष्टच आहे, की समन्स काढून बोलावलेल्या तज्ज्ञाला साक्षीत गेलेल्या वेळेचा आणि त्यासाठी केलेल्या तज्ज्ञकामाचा वाजवी मोबदला कोर्ट देववू शकतं. ते पैसे कोर्टात भरायचे असतात, त्यामुळे ते सगळ्यांना दिसतात. अडचण अशी की बहुतेक तज्ज्ञ समन्सवर येतच नाहीत. पक्षकार त्यांना स्वतः घेऊन येतो, सरतपासणी (म्हणजे आणणाऱ्या पक्षाने घेतलेली त्याची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते, आणि पैशाचा व्यवहार ऑफिसात किंवा गाडीत उरकलेला असतो.

माझाही गाडीतच उरकला होता. दांडिया बाजारात एक जुना वाडा, शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खोदकाम, आणि वाड्याच्या भिंतींना भेगा. वाडेवाल्यांनी दावा लावला. खोदकाम करणाऱ्याने मला बोलावलं. दहा हजार आगाऊ दिले, त्याची पावती मी दिली. आणखी पंधरा ठरले, ‘चुकादो आव्या पछी’. म्हणजे निकाल लागल्यावर. त्या वेळी मला यात काही खटकलं नाही. बिल्डर लोक पैसे मागेपुढे करतातच, तसंच हे, असं वाटलं.

मी मे महिन्यात जाऊन भेगा पाहिल्या. बडोद्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरची जुनी घरं तिच्यासोबत हलतात. मी अहवालात तेच लिहिलं: भेगा मातीमुळे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण मातीची भेग आणि खोदकामाची भेग यांतला फरक मे महिन्यात कळतच नाही, तेव्हा दोन्ही उघड्याच असतात. तो कळायला भेगेच्या दोन्ही अंगांना खिळे ठोकून व्हर्नियरने अंतर मोजून ठेवायचं आणि पावसाळा संपताना पुन्हा मोजायचं. मातीची असेल तर मिटत आलेली असते. हे मला दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. मी खिळेही ठोकले नाहीत आणि सप्टेंबरात गेलोही नाही, कारण पक्षकार म्हणाला, एका व्हिजिटमध्ये भागवा, तारीख जवळ आलीय.

कोर्ट तेव्हा सूरसागरजवळच्या न्यायमंदिरातच होतं, दिवाळीपुऱ्याला अजून हललं नव्हतं. उलटतपासणीला वाडेवाल्यांचे वकील उठले, वयस्कर, कोट कोपरावर विटलेला. माझी डिग्री, अनुभव कशालाच त्यांनी हात लावला नाही. चष्मा पुसत विचारलं, ‘साहेब, फी पूरी मळी गई?’

मी म्हटलं, ‘ना, थोडी बाकी छे.’

‘क्यारे मळशे?’ म्हणजे कधी मिळणार?

मी गप्प. न्यायाधीशांनी स्टेनोला थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. मला सांगावं लागलं. ते त्यांनी शब्द न् शब्द उतरवून घेतलं. त्यानंतर वकिलांनी एकच विचारलं: मे नंतर परत कधी गेला होतात? तिथे मला माझीच साक्ष पहिल्यांदा नीट ऐकू आली. पैशाने माझ्याकडून काही वदवून घेतलं नव्हतं. कोणत्या महिन्यात बघायचं आणि काय मोजायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

पुढे कोर्टाने ऑर्डर २६ खाली स्वतःचा कमिशनर, म्हणजे जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा माणूस, नेमला. तो दोनदा गेला, एकदा उन्हाळ्यात, एकदा दसऱ्यानंतर. वरच्या मजल्यावरच्या भेगा बऱ्याच मिटल्या होत्या, प्लॉटकडच्या भिंतीतल्या खालच्या तशाच उघड्या. म्हणजे मी अर्धा बरोबर होतो. दोन्ही पक्षांनी नंतर तडजोड केली. उरलेले पंधरा हजार मी मागितले नाहीत आणि खोदकामवाल्यानेही विषय काढला नाही.

आता तुमच्या कामाचं. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत तज्ज्ञाला अहवालातच लिहावं लागतं की या कामाचे किती पैसे मिळाले किंवा मिळणार आहेत, आणि मागच्या ४ वर्षांत कुठे कुठे साक्ष दिली. इंग्लंडच्या नियमांत तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाशी, पैसे देणाऱ्याशी नंतर. आपल्या संहितेत फी अहवालात लिहिण्याचा असा नियम नाही. त्यामुळे ती बाहेर येते उलटतपासणीत, आणि तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. साक्षीदाराच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न विचारता येतो, त्याने नाकारलं तर विरुद्ध पुरावाही देता येतो. एरवी साक्षीदाराची पत खोडण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं की सहसा विषय तिथेच मिटतो. निःपक्षपातीपणा हा त्याला अपवाद. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही कलमं १४६ आणि १५३, भारतीय साक्ष्य अधिनियमात १४९ आणि १५६. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधीपासून चालू असलेले दावे जुन्यावरच चालतात. तुमचा कुठे बसतो ते वकिलांना विचारा. लाचेचं कलमही आहे (जुनं १५५, नवं १५८), पण फीला लाच म्हणायच्या भानगडीत पडू नका. ते सिद्ध होत नाही आणि न्यायाधीश वैतागतात ते वेगळंच. निकालावर ठरलेली फी मात्र वेगळी गोष्ट. वकिलालासुद्धा तशी फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे.

तेव्हा ‘पैसे घेतले का’ असं विचारूच नका. तो ‘हो, फी घेतली’ म्हणेल आणि विषय संपेल. किती ठरली, किती आली, उरलेली कधी यायची, पावती कशाची आहे, काकांसाठी याआधी किती कामं केली, हे विचारा. त्याचं बिल आणि जागेवरची वही हजर करायला लावण्याचा अर्ज आधीच द्या. काकांची कंपनी असेल आणि फी तिथून गेली असेल तर टीडीएस कापलेला असू शकतो, तो कागद बोलतो. रोखीचा मात्र कागद नसतो, तिथे नात्यातली कुजबुज कामाची नाही. पैसे देताना समोर असलेला माणूस साक्षीला यायला तयार असेल तरच तो मुद्दा काढा.

आणि खरा वेळ त्याने काय गाळलं यावर घालवा. मताची कारणंही पुराव्यात येतात (जुनं कलम ५१, नवं ४५), म्हणून ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्याने तुलनेला कोणते खरेदीखत घेतले? ते कोणत्या साली झाले? गुजरातेत १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीचे जंत्रीचे, म्हणजे सरकारने ठरवलेले, दर दुप्पट झाले. जंत्री म्हणजे बाजारभाव नव्हे, पण काही व्हॅल्युअर सोयीची असली की तिचा आधार घेतात आणि नसली की विसरतात. सब-रजिस्ट्रारकडून तुमच्या गल्लीतल्या अलीकडच्या विक्रीच्या इन्डेक्स-२ च्या, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याच्या, नकला काढा. त्यातली एकेक त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, ही पाहिली होती का. पाहिली होती म्हणाला तर का सोडली ते विचारा. नव्हती म्हणाला तर विक्रीच्या नोंदी त्याला कोणी आणून दिल्या ते.

वकिलांना हे दाखवा, पण फीचा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवू नये. मला तो पहिलाच आला होता, त्यानंतर माझा एकही आकडा कोणी मनावर घेतला नाही.