वाचकांचे प्रश्न : मोठ्या फाइली आणि मध्येच तुटणारे अपलोड

या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. आपल्या संकेतस्थळावर इतरांना मोठ्या फाइली पाठवता याव्यात, यासाठी धडपडणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. पत्रांतील मजकूर आवश्यक तेथे संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या संकेतस्थळावर व्याख्यानांचे व्हिडिओ स्वीकारले जातात. संकेतस्थळ ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीमधील ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ ही एका फाइलच्या आकाराची मर्यादा मी ५०० एमबी केली, तरी ६० एमबीची फाइलसुद्धा जात नाही. मुख्य सर्व्हरवर ४१३ क्रमांकाचा एरर येतो. चाचणीच्या सर्व्हरवर तर एररही येत नाही. फॉर्म रिकामाच पाठवला आहे असे समजून संकेतस्थळ ‘नाव भरा’ असा संदेश दाखवते. मर्यादा वाढवूनही असे का होते?

उत्तर : आपण वाढवलेली मर्यादा ही वाटेतील अनेक मर्यादांपैकी एक आहे. ब्राउझरमधून निघालेली फाइल आपल्या प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याआधी एकामागे एक असलेल्या कित्येक दारांतून जाते आणि त्यांतले सर्वांत बुटके दार कोणते, यावरच किती मोठी फाइल आत येईल हे ठरते. ४१३ याचा अर्थ, आलेली विनंती सर्व्हरने ठरवलेल्या आकारापेक्षा मोठी आहे. आपल्या मुख्य सर्व्हरवर पीएचपीच्या पुढे बहुधा एनजिनएक्स हा विनंत्या स्वीकारणारा वेब सर्व्हर असावा. त्यातील ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ ही मर्यादा कोणी बदलली नसेल तर अवघी १ एमबी असते. फाइल तेथेच अडवली जात असल्यामुळे पीएचपीला तिचा पत्ताही लागत नाही आणि पीएचपीच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) कितीही शोधले तरी काही सापडत नाही. नोंद असते ती एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये.

चाचणीच्या सर्व्हरवरचा प्रकार अधिक फसवा आहे. पीएचपीमध्ये ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही दुसरी मर्यादा असते आणि ती मुळात ८ एमबी असते. संपूर्ण फॉर्मचा आकार तिच्या पुढे गेला की पीएचपी विनंती नाकारत नाही. फॉर्ममधील मजकूर आणि फाइल हे दोन्ही टाकून देऊन आपला प्रोग्राम रिकाम्या हातांनी सुरू करते. म्हणूनच, नाव व्यवस्थित भरलेल्या माणसाला ‘नाव भरा’ असे सांगितले जाते. यावर दोन गोष्टी कराव्यात. ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’पेक्षा थोडी मोठी ठेवावी, कारण फॉर्ममधील इतर रकाने आणि त्यांच्यामधल्या सीमारेषाही तिच्यातच मोजल्या जातात. शिवाय, फॉर्म आणि फाइल दोन्ही रिकाम्या असूनही विनंतीचा आकार सांगणाऱ्या ‘कन्टेन्ट-लेंग्थ’ या हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळीत) मोठा आकडा दिसत असेल, तर ‘आपली फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे’ असा स्पष्ट संदेश द्यावा. चूक पाठवणाऱ्याची नसताना त्याला दोष देणारा संदेश दाखवणे योग्य नाही.

आणखीही काही दारे आहेत. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये विनंतीच्या आकारावर पूर्वी मर्यादा नव्हती, २.४.५४ या आवृत्तीपासून ती १ जीबी झाली. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये ती ३ कोटी बाइट, म्हणजे साधारण २८.६ एमबी असते. संकेतस्थळ क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेच्या मोफत योजनेमागे असेल तर एका विनंतीत १०० एमबीपेक्षा जास्त जात नाही आणि हे दार उंच करणे आपल्या हातातच नसते.

जाता जाता एक गोष्ट. अशा वेळी बरेच जण प्रोग्राम किती वेळ चालू द्यायचा हे ठरवणारा पीएचपीचा ‘मॅक्स एक्झिक्युशन टाइम’ वाढवून पाहतात. त्याचा येथे उपयोग होत नाही, कारण फाइल येण्यात गेलेला वेळ त्यात धरलाच जात नाही. त्यापेक्षा तात्पुरत्या फाइलींची जागा पाहावी. एनजिनएक्स आलेली फाइल आधी स्वतःच्या तात्पुरत्या जागेत ठेवतो आणि नंतर पीएचपी ती पुन्हा आपल्या तात्पुरत्या जागेत लिहिते. दोन्ही जागा एकाच छोट्या डिस्कवर असतील तर काही मोठे अपलोड एकाच वेळी आले की ती भरून जाते.

प्रश्न : आम्ही सर्व मर्यादा ४ जीबीपर्यंत वाढवल्या आणि टाइमआउट (सर्व्हर किती वेळ वाट पाहतो ती मुदत) एक तासाचा केला. कार्यालयातून सर्व सुरळीत चालते. घरून पाठवणाऱ्यांचे मात्र अपलोड ७०–९० टक्क्यांवर तुटते आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. टाइमआउट आणखी वाढवावा काय?

उत्तर : वाढवू नये. आपला प्रश्न टाइमआउटचा नाही आणि याबाबत मला जरा विस्ताराने लिहावेसे वाटते.

आधी साधा हिशेब पाहावा. २ जीबी म्हणजे सुमारे १६,००० मेगाबिट. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) असेल तर ही फाइल जायला ३,२०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ५३ मिनिटे लागतात आणि तीही पूर्ण वेग सतत मिळाला तरच. एवढ्या वेळात लॅपटॉप झोपी जातो, फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातो, राउटर पुन्हा सुरू होतो, किंवा आपणच सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवतो. यांतले काहीही घडले की ती विनंती संपते, आणि साध्या एचटीटीपी विनंतीत ‘कोठपर्यंत आलो होतो’ याची आठवण ठेवण्याची सोय नाही. १.९ जीबी पोहोचल्यावर तार तुटली तर ते १.९ जीबी वाया जातात. फॉर्ममधून फाइल पाठवण्याची ही पद्धत १९९५ साली आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली गेली. छोट्या फाइलींसाठी ती आजही उत्तम आहे, पण तासभर चालणाऱ्या कामाचा भार तिच्यावर टाकणे रास्त नाही. टाइमआउट वाढवत नेला तर तुटलेले अपलोड जोडले जात नाहीतच, उलट मुद्दाम अतिशय हळू डेटा पाठवून सर्व्हरला गुंतवून ठेवणाऱ्यांचे मात्र फावते.

म्हणून मोठे अपलोड मध्ये तुटणारच, असे गृहीत धरूनच रचना करावी. ब्राउझरमध्ये फाइलचा हवा तेवढा भाग वेगळा काढता येतो आणि त्यासाठी संपूर्ण फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही. असे तुकडे एकामागून एक स्वतंत्र विनंत्यांनी पाठवावेत. प्रत्येक तुकड्याबरोबर अपलोडचा ओळख-क्रमांक आणि हा तुकडा फाइलच्या कितव्या बाइटपासून सुरू होतो हा आकडा पाठवावा.

यात खरी मेख आहे ती कोठपर्यंत पोहोचलो हे कोणी ठरवायचे, यात. १,२०० एमबीची फाइल ८ एमबीच्या १५० तुकड्यांत पाठवली जात आहे असे समजा. ९७वा तुकडा सर्व्हरवर पूर्ण पोहोचला, लिहिला गेला आणि ‘मिळाला’ हे उत्तर परत येत असताना जोडणी तुटली. ब्राउझरच्या दृष्टीने तो तुकडा गेलेलाच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवला जातो. सर्व्हर आलेला मजकूर नुसता शेवटी जोडत असेल तर तेच ८ एमबी फाइलमध्ये दोनदा येतात आणि व्हिडिओ बिघडतो. हे टाळण्यासाठी जोडणी परत आली की ब्राउझरने आधी सर्व्हरला विचारावे, ‘तुझ्याकडे किती बाइट आहेत?’ सर्व्हर ७७६ एमबी सांगेल आणि मग ९८व्या तुकड्यापासून पुढे जावे. हिशेब सर्व्हरचाच खरा मानावा, ब्राउझरचा नव्हे.

हे सर्व स्वतः लिहिण्याची गरज नाही आणि माझा आग्रह आहे की लिहू नये. ‘टस’ नावाचा खुला प्रोटोकॉल (देवाणघेवाणीचे ठरलेले नियम) नेमका यासाठीच आहे. त्यात ‘पोस्ट’ विनंतीने एकूण आकार सांगून अपलोड नोंदवले जाते, ‘हेड’ विनंतीने कोठपर्यंत आले ते विचारले जाते आणि ‘पॅच’ विनंतीने पुढचा भाग पाठवला जातो. सांगितलेली जागा आणि सर्व्हरकडची जागा जुळली नाही तर सर्व्हर ४०९ हा एरर देऊन तो भाग नाकारतो. त्याचे तयार क्लायंट आणि सर्व्हर अनेक भाषांत उपलब्ध आहेत.

तुकडा केवढा असावा, हेही बहुतेकांना ठरवावे लागते. साधारण ५ ते १० एमबी मला योग्य वाटतो. फार लहान तुकड्यांमुळे विनंत्यांचाच पसारा वाढतो, फार मोठ्यामुळे तुटल्यावरचे नुकसान वाढते. तुकडा अयशस्वी झाला तर लगेच पुन्हा आदळू नये. १, २, ४, ८ सेकंद अशी वाढत जाणारी विश्रांती घेऊन प्रयत्न करावा. पान बंद करून पुन्हा उघडणाऱ्याला तीच फाइल स्वतः पुन्हा निवडावी लागते, कारण पूर्वी निवडलेली फाइल साध्या फॉर्ममधून ब्राउझर आपण होऊन उघडत नाही. तेव्हा ‘तीच फाइल पुन्हा निवडा, अपलोड उरलेल्या भागापासून सुरू होईल’ हे वाक्य त्याच्यासमोर असावे, आणि नाव, आकार व शेवटच्या बदलाची वेळ ताडून ती फाइल तीच असल्याची खात्री करावी.

प्रश्न : तुकडे केल्याने अपलोड जलद होते काय?

उत्तर : सहसा नाही. पाठवणाऱ्याच्या जोडणीचा वेग पूर्ण वापरला जात असेल तर तुकड्यांनी तो वाढत नाही. सर्व्हर फार दूर असेल आणि एका जोडणीला पूर्ण वेग मिळत नसेल, तर तीन-चार तुकडे एकाच वेळी पाठवून फरक पडू शकतो.

प्रश्न : आमच्याकडे प्रगती दाखवणारी पट्टी १०० टक्क्यांवर जाते आणि मग दोन-तीन मिनिटे काहीच होत नाही. लोक पान बंद करतात. पट्टी चुकीची आहे काय?

उत्तर : पट्टी चुकीची नाही, ती फक्त पहिला टप्पा मोजते. ब्राउझरने किती बाइट बाहेर पाठवले, एवढेच तिला कळते. एनजिनएक्स मूळ स्थितीत संपूर्ण फाइल स्वतःकडे जमा झाल्यावरच ती मागच्या प्रोग्रामकडे देतो, त्यानंतर आपला प्रोग्राम ती स्टोरेजमध्ये हलवतो, व्हायरस तपासतो, कदाचित व्हिडिओचे रूपांतरही करतो. हे सर्व होईपर्यंत उत्तर येत नाही. म्हणून पडद्यावर ‘पाठवत आहोत’ आणि ‘तपासत आहोत’ असे दोन टप्पे वेगळे दाखवावेत. जड कामे रांगेत टाकून वापरकर्त्याला ‘फाइल मिळाली, आता पान बंद केले तरी चालेल’ असे लगेच सांगावे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे फाइल आपल्या सर्व्हरवरून न नेता थेट स्टोरेजमध्ये जाऊ देणे. ॲमेझॉन एस३ सारख्या फाइली साठवण्याच्या सेवांमध्ये आपला सर्व्हर मुदतीची, सही केलेली लिंक तयार करून देतो आणि ब्राउझर फाइल तेथेच पाठवतो. एस३ मध्ये एका विनंतीत ५ जीबीपर्यंतच फाइल जाते. त्यापुढे तुकड्यांची पद्धत वापरावीच लागते. त्यात शेवटचा तुकडा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा आणि एकूण तुकडे जास्तीत जास्त १०,००० असे बंधन आहे. ५ एमबीचेच तुकडे ठेवले तर साधारण ५० जीबीपाशी गाडी अडते, म्हणून फाइलच्या आकारावरून तुकड्याचा आकार काढावा. येथे बरेच जण अडखळतात ते एका बारीक ठिकाणी : प्रत्येक तुकड्यानंतर मिळणारा, त्या तुकड्याची ओळख सांगणारा ‘ईटॅग’ हा हेडर ब्राउझरला वाचता यावा, अशी परवानगी स्टोरेजच्या कॉर्स नियमांत (दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानाला काय करू द्यायचे हे ठरवणाऱ्या नियमांत) द्यावी लागते. ती नसेल तर सर्व तुकडे नीट पोहोचतात, पण त्यांची एक फाइल करण्याची शेवटची विनंती करता येत नाही.

प्रश्न : आम्ही फाइलचे एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी प्रकार सांगणारा भाग, तपासतो. मोठ्या फाइली स्वीकारताना एवढी सुरक्षितता पुरेशी आहे काय?

उत्तर : नाही. एक्स्टेन्शन आणि ब्राउझरने सांगितलेला प्रकार, दोन्ही पाठवणाऱ्याच्या हातात असतात. फाइलच्या सुरुवातीचे बाइट पाहावेत. पीडीएफची सुरुवात टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते, झिपची ‘पीके’ या अक्षरांनी. तुकड्यांच्या पद्धतीचा येथे मोठा लाभ होतो, कारण हे बाइट पहिल्याच तुकड्यात येतात आणि चुकीच्या प्रकारची फाइल तेथेच नाकारता येते. माणसाला २ जीबी पाठवायला लावून मग ‘चालत नाही’ म्हणावे लागत नाही. अर्थात सुरुवातीचे बाइटही नकली असू शकतात, तेव्हा पुढची तपासणी सुटत नाही. झिप उघडण्याआधी आतील मजकूर उलगडल्यावर किती जागा घेईल, यावर मर्यादा घालावी; ‘४२ डॉट झिप’ ही कुप्रसिद्ध फाइल केवळ ४२ केबीची आहे आणि आतील सर्व थर उलगडले तर ती ४.५ पेटाबाइटची होते.

फाइल वेबवरून थेट उघडता येणाऱ्या फोल्डरबाहेर आणि आपण दिलेल्या नावाने ठेवावी. मूळ नाव डेटाबेसमध्ये असावे. देवनागरी नावांसाठी तर हे फारच सोयीचे आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि लिनक्सच्या प्रचलित फाइल-प्रणालींत नाव २५५ बाइटांपर्यंतच चालते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांतच ते संपते.

प्रश्न : तुकड्यांची पद्धत सुरू केल्यापासून स्टोरेजचे बिल वाढले आहे, पण फाइलींच्या यादीत तेवढ्या फाइली दिसत नाहीत. असे का?

उत्तर : ते बहुधा अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे आहेत. एस३ मध्ये असे तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, तरी त्यांच्या जागेचे पैसे लागतात. ठरावीक दिवसांनी अपूर्ण अपलोड रद्द करण्याचा नियम तेथे लावता येतो आणि तो पहिल्याच दिवशी लावावा. स्वतःच्या सर्व्हरवर तुकडे ठेवत असाल तर रोज चालणारे छोटे काम लावून शेवटचा तुकडा कधी आला ते पाहावे आणि मुदत उलटलेले अपलोड पुसावेत. मात्र अपलोड सुरू झाल्याच्या वेळेवरून मुदत मोजू नये, नाहीतर दोन दिवस थोडे थोडे करून पाठवणाऱ्याचे काम पूर्ण होण्याच्या बेतात असताना पुसले जाईल. मी सात दिवसांची मुदत सुचवीन, आणि ती ‘उरलेले अपलोड या तारखेपर्यंत पूर्ण करता येईल’ अशा शब्दांत वापरकर्त्यालाही दाखवावी.