‘विदेचा गैरवापर’ की आकडे फिरवणं?

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय: सोसायटीच्या फलकावर गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल चार ओळी लिहायच्या आहेत. लोकांचा विज्ञानावरचा विश्वास का उडतो, हेही त्यात हवंय. ‘विदेचा गैरवापर’ लिहिलं तर चालेल का?

ताई, व्याकरणाने चालेल. ‘विदा’ म्हणजे डेटा; विद् धातूवरून बेतलेला हा शब्द सुटसुटीत आहे, मला आवडतोही. पण आमच्या मजल्यावर निम्म्यांना त्यावरून लग्नातली बिदाईच आठवेल. ‘आधारसामग्री’ म्हटलं तर ट्रकमधून रेती-सिमेंट उतरवल्यासारखं वाटतं. सरळ ‘डेटा’ लिहा, नाहीतर ‘आकडे’.

माझी खरी तक्रार ‘गैरवापर’वर आहे. कुणी तुमचा मोबाइल नंबर विकला तरी गैरवापर, आणि प्रयोगाच्या नोंदी बदलल्या तरी गैरवापरच. बोलीत मात्र प्रत्येक लबाडीला वेगळं क्रियापद आहे. आकडे फुगवतात, दडपतात, फिरवतात, सोयीचे तेवढे वेचतात. शिवाय जुळवतात, म्हणजे स्थळ आधीच पसंत असतं, पत्रिका मागाहून.

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत एकदा लिफ्टशेजारी कागद लागला, ‘टँकरचा खर्च निम्म्यावर’. तक्ता जुलैपासूनचा. वॉचमनच्या वहीत मे महिन्याची पानं उलटली, तर एकेका दिवशी तीन-तीन टँकर, प्रत्येकापुढे वेळ आणि ड्रायव्हरची वेडीवाकडी सही. कागदावरचा एकही आकडा खोटा नव्हता, फक्त वेचलेले होते. आता पाण्याबद्दल काहीही लागलं की लोक कागद वाचायच्या आधी वही मागतात.

तुमच्या लसीच्या बाबतीत वेचणं आणि फिरवणं दोन्ही झालं. १९९८मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) सुचवला, तोही १२ मुलांवरून. मुलं ओळीने, जशी आली तशी घेतली असं त्यात म्हटलं होतं. प्रत्यक्षात निवडून घेतली होती. काहींची लक्षणं लस देण्याच्या आधीची होती, ती लेखात नंतरची झाली. २०१०मध्ये लेख मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. मधल्या १२ वर्षांत भीती घरोघरी पोचली होती.

कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध देण्याबद्दलचा २०२०चा लेखही याच नियतकालिकातला. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण असा थाट होता. मूळ नोंदी तपासायला मागितल्या, तेव्हा त्या पुरवणाऱ्या कंपनीने दिल्या नाहीत आणि दोन आठवड्यांच्या आत लेख मागे. इथे मी ‘फिरवले’ म्हणणार नाही. वहीच कुणाला दिसली नाही.

‘विश्वास उडतो’ बरोबर आहे. आपल्याकडे विश्वास बसतो आणि उडतो, दोन्ही आपसूक. म्हणून तो ‘ठेवा’ असं फलकावर बजावू नका. आणि ‘लसीचा’ चूक नाही, पण म्हैस-म्हशीचा तसं लस-लशीचा. मी तरी ‘लशीचा’ लिहीन.

मजकूर असा करता येईल: ‘१९९८च्या लेखातली मुलं वेचलेली होती आणि नोंदी फिरवलेल्या. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१९मध्ये निष्कर्ष छापला: लशीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.’